निखाऱ्याची चिमणी आणि धुराची डबी

विस्तव पेटविणे ही मनुष्याची अत्यंत जुनी विद्या आहे. परंतु जुनी आहे म्हणून ती प्रत्येकास साधते असे मात्र नाही. ज्यांनी कोळशाच्या शेगडीवर वर्षानुवर्षे स्वयंपाक केला त्या गृहिणींना हे पुरेपूर ठाऊक आहे. रॉकेलचा बोळा, चार काटक्या, हातात पंखा, मधूनच फुंकणी, डोळ्यांतून पाणी आणि घरभर धूर, एवढे सारे सोसावे तेव्हा कोठे कोळसा धरावयाचा. पुढे घरोघर गॅस आला आणि शहरांतून हा खटाटोप बहुतांशी संपला. मौज अशी की, ज्या अमेरिकेत गॅसची आणि विजेची चूल आपल्या कितीतरी आधी घरोघर पोहोचली, त्याच देशातील गृहस्थ सुटीच्या दिवशी घरामागील परसात मुद्दाम कोळसा पेटवून त्यावर मांस, मासे, मक्याची कणसे आणि भाज्या भाजीत बसतो. ४ जुलै हा त्या देशाचा स्वातंत्र्यदिन तर या हौसेचा मोठा सणच होय. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ही रीत उचलली असून, जाळीच्या एका बाजूस भरताचे वांगे भाजले जात आहे हे दृश्य आता तिकडे नवलाचे राहिलेले नाही.

या परसातील पाककलेत दोन साधी उपकरणे वापरतात. पहिले कोळसा पेटविण्याचे नळकांडे. त्याला तिकडे ‘चिमणी स्टार्टर’ म्हणतात. दुसरे ‘स्मोकर बॉक्स’, म्हणजे लाकडाचा सुवासिक धूर देणारी छोटी डबी. पहिले उपकरण विस्तवातील धूर घालविते आणि दुसरे तो धूर मोजूनमापून परत आणते. हे वरवर पाहता परस्परविरुद्ध वाटते. पण धूर म्हणजे काय, तो केव्हा उपकारक आणि केव्हा घातक, आणि मुख्य म्हणजे धूर नसला म्हणजे धोका टळला असे मानावे काय, हे सर्व या दोन वस्तूंच्या निमित्ताने नीट समजून घेता येते.

प्रथम कोळशाचा विचार करू. येथे कोळसा म्हणजे खाणीतला दगडी कोळसा नव्हे. तो अन्न भाजण्यास वर्ज्यच समजावा. येथे अभिप्रेत आहे तो लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा. लाकूड रचून, मातीने झाकून, अगदी थोडी हवा देऊन ते धुमसत ठेवले म्हणजे त्यातील पाणी आणि उडून जाणारी द्रव्ये निघून जातात व मुख्यतः कार्बन शिल्लक राहतो. म्हणून चांगला पेटलेला कोळसा लाकडासारखा धूर सोडीत नाही आणि त्याची आच एकसारखी लागते. अमेरिकेत अशा नैसर्गिक तुकड्यांपेक्षा उशीच्या आकाराच्या दाबून केलेल्या वड्याच अधिक खपतात. कोळशाची भुकटी पिष्टासारख्या चिकट पदार्थाने बांधून या वड्या पाडतात. अशा वडीचे पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर या पेन्सिल्व्हेनियातील गृहस्थाने १८९७ मध्ये घेतले होते. पण तिला घरोघर नेण्याचे श्रेय मोटार-उद्योगाकडे जाते. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीत लाकडी भाग पुष्कळ असत. मिशिगन राज्यातील त्यांच्या लाकूड-गिरण्यांतून जो भुसा आणि तुकडे उरत, त्यांचा कोळसा करून त्याच्या वड्या विकण्याचा उद्योग त्यांनी १९२० नंतरच्या दशकात सुरू केला. या कामी त्यांना जंगल मिळवून देण्यास साहाय्य करणारे एडवर्ड किंग्जफोर्ड यांचेच नाव पुढे त्या कोळशास मिळाले. टाकाऊ भुशाचे असे सोने झाले.

दुसरी घटना १९५२ सालची. शिकागो भागातील वेबर ब्रदर्स या धातुकामाच्या कारखान्यात समुद्रातील तरंगत्या खुणांचे पोकळ गोळे तयार होत असत. तेथे काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनी असा एक गोळा मधोमध कापला, खालच्या अर्धगोलास पाय लावले आणि वरच्या अर्धगोलाचे झाकण केले. उघड्या शेगडीवर वाऱ्यापावसाचा जो उपद्रव होई तो या झाकणाने थांबला. शिवाय खाली आणि वर हवेची भोके ठेवून ती कमीजास्त उघडण्याची सोय केल्यामुळे आच हाताच्या मुठीत आली. आजही परसातील बहुसंख्य कोळशाच्या शेगड्या याच घाटाच्या असतात.

परंतु शेगडी कितीही सुरेख असली तरी कोळसा पेटविण्याचा मूळ प्रश्न उरतोच. पुष्कळ काळ लोक त्यासाठी खनिज तेलापासून केलेले पातळ द्रव्य कोळशावर ओतीत. हा आपल्या रॉकेलच्या बोळ्याचाच तिकडचा भाऊबंद. त्यात दोन दोष. एक तर ते पुरते जळून गेले नाही तर अन्नास त्याचा वास लागतो आणि त्याची वाफ हवेत मिसळते. लॉस एंजेलिसच्या परिसरात हवा शुद्ध राखणाऱ्या अधिकारी मंडळाने १९९० मध्ये या द्रव्यांवर मर्यादा घातल्या, त्या याच कारणाने. दुसरा दोष अधिक गंभीर. विस्तव मंद वाटला म्हणून पेटत्या कोळशावर ते पुन्हा ओतले तर भडका उडतो आणि ज्वाला धारेबरोबर बाटलीकडे धावते. पेटलेल्या, किंवा विझल्यासारख्या दिसणाऱ्या कोळशावरही, असे द्रव्य केव्हाही ओतू नये हा या विषयातील पहिला नियम होय.

चिमणीच्या नळकांड्यास या द्रव्याची गरजच नाही. ते पत्र्याचे, दोन्ही तोंडांनी उघडे, सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि १८ ते १९ सेंटिमीटर व्यासाचे असते. तळापासून थोड्या उंचीवर आत एक जाळी असून तिच्या खालच्या भागात भोके पाडलेली असतात. बाजूस लाकडी मूठ असते. जाळीच्या वर कोळसा भरावयाचा, खाली वर्तमानपत्राचे दोनतीन कागद सैल चुरगाळून ठेवावयाचे, नळकांडे शेगडीच्या तळजाळीवर उभे करावयाचे आणि खालच्या भोकांतून कागदास काडी लावावयाची. पुढे काही करावे लागत नाही. पंखा नको, फुंकणी नको. पंधरावीस मिनिटांत सर्व कोळसा धरतो.

हे होते कसे? तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. मोकळ्या जागी ती चहूकडे विखुरते. पण नळकांड्यात तिला वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. ती वर गेली की तिची जागा घेण्यास खालच्या भोकांतून थंड हवा आत ओढली जाते. ती नवी हवा कोळशास प्राणवायू देते, त्याने उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की ओढही वाढते. नळी जितकी उंच आणि आतली हवा जितकी तप्त, तितकी ओढ बळकट. गिरणीचे धुराडे उंच बांधण्याचे एक कारण हेच. आपल्या वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मराठी घरांतील न्हाणीघरात पाणी तापविण्यासाठी जो तांब्याचा बंब असे, त्याच्या मधोमध हीच नळी होती. वरून कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या टाकावयाच्या, खाली जाळी, जाळीखाली राख पडावयास व हवा शिरावयास वाट, आणि नळीभोवती पाणी. बंबातील पाणी काढून टाकले असे कल्पिले तर उरते ती अमेरिकन गृहस्थाची चिमणी. नळकांडे विकत न घेता मोठा पत्र्याचा डबा दोन्हीकडून कापून, तळाशी भोके पाडून काम भागविणारेही पुष्कळ आहेत.

आरंभी वरून दाट पांढरा धूर निघतो. त्यात कागदाचा धूर, कोळशातील ओल आणि अर्धवट जळालेली द्रव्ये असतात. थोड्या वेळाने धूर थांबतो आणि वरच्या तोंडाशी निळसर ज्योती दिसू लागतात. वरच्या कोळशावर करड्या राखेचा पातळ थर चढला की जाड हातमोजा घालून मूठ धरावी आणि निखारे शेगडीत ओतावे. ओतताना नळकांडे शरीरापासून दूर कलते धरावे आणि मुले व पाळीव जनावरे जवळ नसावीत. रिकामे झालेले नळकांडेही बराच वेळ चटका देण्याइतके तापलेले असते. ते वाळक्या गवतावर ठेवू नये.

निखारे सगळीकडे सारखे पसरण्यापेक्षा शेगडीच्या अर्ध्या भागातच ओढावेत. ज्या बाजूस निखारे आहेत तेथे प्रखर आच मिळते, आणि रिकाम्या बाजूस झाकणाखाली भट्टीसारखी सौम्य उष्णता मिळते. कोंबडीचा जाड तुकडा प्रथम निखाऱ्यांवर रंग येईपर्यंत भाजावा आणि मग रिकाम्या बाजूस सरकवून आतपर्यंत शिजू द्यावा. बाहेरून करपलेले मांस आत कच्चे असू शकते. म्हणूनच अमेरिकन कृषी खात्याने रंगावर न विसंबता सुईच्या तापमापकाने पाहावे असे सांगितले आहे. कोंबडीचे मांस मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस आणि खिमा ७१ अंश झालेला असला पाहिजे. वांगे, कणीस, रताळे यांना अशी कसोटी लागत नाही. त्यांना रिकामी बाजू मानवते.

आता दुसरे उपकरण. अमेरिकेत पुष्कळ घरी कोळशाऐवजी गॅसची शेगडी परसात असते. ती सोयीची खरी, पण गॅसला गंध नाही. लाकडाची चव तिच्यावर भाजलेल्या पदार्थास येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी धुराची डबी निघाली. ती पोलादाची किंवा बिडाची असून तिच्या झाकणास भोके असतात. तिच्यात हिकरी, ओक, सफरचंद, चेरी अशा झाडांच्या लाकडाच्या ढलप्या भरतात आणि ती पेटत्या बर्नरवर, जाळीच्या खाली ठेवतात. डबीत हवा पुरेशी शिरत नाही. त्यामुळे ढलप्या तापतात, धुमसतात, पण ज्वाला धरीत नाहीत. हेच तिचे मर्म. लाकूड भडकून जळाले तर उष्णता मिळते, सुवास मिळत नाही. आपल्या देवघरातील धुपाटण्यात निखाऱ्यावर ऊद टाकतात तेव्हा तो पेटू नये, नुसता धुपावा, अशीच इच्छा असते.

अन्नास धूर देण्याची कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. वरणाच्या किंवा भरताच्या मध्यभागी वाटी ठेवून, तीत फुललेला निखारा व त्यावर तुपाचे थेंब टाकून झट्‌दिशी झाकण घालणे, याला धुंगार देणे म्हणतात. मात्र दोन्हींत भेद आहे. धुंगारात तूप जळून धूर होतो व त्याचे काम काही मिनिटांत आटोपते. डबीत लाकूडच धुपते व ते अर्धापाऊण तास पुरते. लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन द्रव्यांचे बनलेले असते. त्यांपैकी लिग्निन फुटून जी द्रव्ये निर्माण होतात त्यांत ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही प्रमुख. धुराचा ओळखीचा सुवास मुख्यत्वे त्यांचा. उरलेल्या दोहोंपासून होणाऱ्या द्रव्यांनी पदार्थास सोनेरी-तपकिरी रंग चढतो. धूर थंड आणि ओलसर पृष्ठभागावर अधिक बसतो. म्हणून पदार्थ आरंभीच धुरात ठेवावा, शिजून कोरडा झाल्यावर नव्हे.

ढलप्या आधी पाण्यात भिजवाव्या असे सांगण्याची प्रथा आहे. तिचा लाभ थोडा आहे. ओल्या ढलपीतील पाणी उडून जाईपर्यंत तिचे तापमान शंभर अंशांच्या पलीकडे फारसे जात नाही, आणि लाकूड फुटून सुवास निघावयास दोनशेच्या पुढचे तापमान लागते. तोवर जी वाफ दिसते ती धूर नव्हे. डबीत हवा बेताची असेल तर कोरड्या ढलप्याही भडकत नाहीत. धुराचा रंगही पाहावा. पातळ, निळसर धूर चांगला; दाट पांढरा किंवा काळपट धूर अर्धवट जळण्याची खूण असून त्याने पदार्थ कडू होतो.

लाकूड निवडताना सावधगिरी हवी. चीड, देवदार यांसारखी राळेची झाडे वर्ज्य. त्यांचा धूर काजळीचा व कडू असतो. रंगविलेले लाकूड, प्लायवूड, जुन्या खोक्यांच्या फळ्या मुळीच वापरू नयेत. अमेरिकेत कीड लागू नये म्हणून घराबाहेरील लाकडास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची पुटे देत. घरगुती वापरासाठी असे लाकूड करणे तेथे २००३ च्या अखेरीस बंद झाले, पण जुन्या ओसऱ्यांतून ते अद्याप आहे आणि त्याचा धूर व राख दोन्ही विषारी असतात. टेक्सासमध्ये ज्या मेस्कीट झाडाच्या धुराची वाखाणणी होते, त्याचे एक भावंड आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून माजले आहे. वडोद्याच्या वाचकांना ते गांडो बावळ या नावाने परिचित असेल. कच्छात त्याचा कोळसा मोठ्या प्रमाणावर पाडतात.

धुराची चव कितीही गोड असली तरी त्याचे प्रमाण राखावे हे उत्तम. मांसातील चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो त्यात बेंझोपायरीन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने बेंझोपायरीनची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. वर्षातून चारदोन वेळा भाजलेले खाल्ल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. चरबी आधी कापून टाकणे, पदार्थ थेट ज्वालेवर न धरणे आणि करपलेला भाग काढून टाकणे एवढी काळजी घ्यावी.

परंतु या विषयातील सर्वांत मोठा धोका धुरात नाही. तो धूर नसण्यात आहे. चिमणीच्या तोंडाशी जी निळी ज्योत दिसते तिचा अर्थ येथे ध्यानात घ्यावा. कोळशाच्या खालच्या थरास भरपूर हवा मिळते, तेथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वायू वरच्या तप्त थरांतून जाताना त्याचा पुन्हा कार्बनशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड बनतो. उघड्यावर, वरची हवा मिळताच, त्यातील पुष्कळसा निळ्या ज्योतीने जळून जातो. पण निखारे मंद झाले, ज्योत मावळली, राख चढली, म्हणजे हा वायू न जळताच बाहेर पडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला पकडते आणि मग शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसास तर यांपैकी काहीच न कळता त्याची झोप अखेरची ठरते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० नंतरच्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याच्या परिणामांचा अभ्यास केला. खाणीत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्याच सूचनेतून आली. माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि इशारा मिळे.

घात होतो तो येथेच. धुराचा कोळसा घरात कोणी ठेवीत नाही, कारण धूर स्वतःच माणसास बाहेर हाकलतो. धूर ओसरला, निखारे लाल आणि स्वच्छ दिसू लागले, म्हणजे ‘आता काही हरकत नाही’ असे म्हणून शेगडी आत घेतली जाते आणि थंडी आत येऊ नये म्हणून दारेखिडक्या लावल्या जातात. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली तेव्हा अनेक कुटुंबांनी परसातील कोळशाच्या शेगड्या ऊब मिळावी म्हणून घरात आणल्या आणि पुष्कळांना या वायूची बाधा झाली. काहींचे प्राण गेले. अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने १९९६ मध्येच कोळशाच्या पिशव्यांवर चित्रासह इशारा छापणे आवश्यक केले होते. आपल्याकडेही उत्तरेत कडाक्याची थंडी पडली की बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या वार्ता दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. खिडकी थोडी किलकिली ठेवली म्हणजे भागते, हाही भ्रमच आहे. परसातील शेगडी परसातच राहिली पाहिजे. गच्चीवरील मांडव, गाडीखाना, बंद केलेला सज्जा या जागा तिच्या नव्हेत. कोणास बाधा झाली असे वाटल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे आणि रुग्णालयात पोहोचवावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चारपाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे तासदीड तास.

काम आटोपल्यावर झाकण घालून खालची व वरची भोके बंद करावीत. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढील खेपेस उपयोगी पडतो. मात्र तो विझला असे डोळ्यांनी ठरवू नये. राखेच्या पोटात निखारा एकदोन दिवसही जिवंत राहू शकतो. म्हणून राख कागदी पिशवीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर न टाकता झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवावी. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी तोच फुलवून चूल पेटवीत; राखेखालच्या निखाऱ्याचे आयुष्य किती असते याची याहून चांगली साक्ष कोणती?

चिमणीचे नळकांडे आणि धुराची डबी ही दोन्ही मिळून फार खर्चाची नाहीत आणि त्यांत बिघडण्यासारखेही काही नाही. हवा किती द्यावी आणि किती रोखावी, एवढाच त्यांचा व्यवहार. नळकांडे हवा मोकळी सोडून कोळसा फुलविते, डबी हवा आखडून लाकूड धुपविते. या दोहोंचा उपयोग ज्याला करावयाचा त्याने एवढे मात्र विसरू नये की, धूर डोळ्यांना त्रास देतो खरा, पण तो सावधही करतो. निखारा दिसावयास शांत असतो, आणि तो कोणासही सावध करीत नाही.